आधी दगड, मग दिवा, मग भिंत

दारातून आत आल्यावरची चार-पाच पावलांची जागा ही घरातली सगळ्यात राबती जागा. बाहेरची माती, वाळू, पावसाचं पाणी आधी तिथे उतरतं. ओल्या छत्र्या तिथेच टेकतात, जड पिशव्या तिथल्याच भिंतीला घासतात आणि बूट घालताना तोल सावरायला हात टेकतो तोही तिथेच. उजेड बहुतेक घरांत तिथे कमीच असतो. तरीही घराचं काम निघालं की स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यावर सगळं डोकं खर्च होतं, आणि उरलेल्या फरशीत, उरलेल्या रंगात ही जागा उरकली जाते. आमच्याकडे ती साधारण दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब आहे. तिथली गुळगुळीत फरशी काढून नैसर्गिक दगड घालायचा आणि भिंती शांत, कुठल्याही सामानाशी पटवून घेतील अशा रंगाच्या करायच्या, एवढं घरात सगळ्यांचं एकमताने ठरलं होतं. पुढचं काम कसं होत गेलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण कशानंतर काय ठरवायचं याला या कामात फार महत्त्व आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

भेटेल तो आधी विचारायचा, “भिंतींना कुठला रंग देणार?” मी मात्र रंगांचं कार्ड हातातही घेतलं नव्हतं. रंग हजारो छटांत मिळतो, हवा तसा मिसळून मिळतो, नाही आवडला तर वरून दुसरा हात मारता येतो. दगड खाणीतून जसा निघाला तसाच घ्यावा लागतो आणि एकदा बसला की वर्षानुवर्षं राहतो. म्हणून जे बदलता येणार नाही ते आधी निवडायचं आणि बाकीचं त्याच्याशी जुळवत जायचं, हे मी पक्कं केलं.

दगड बघायला जाण्याआधी काही दिवस मी दाराशी काय काय चालतं ते नुसतं बघत होते. पहिलं पाऊल कुठे पडतं, कोण कुठल्या हाताने दार लावतं, पिशवी कुठे टेकते, भिंतीवर हाताचे डाग किती उंचीवर आहेत. फरशीचा सगळ्यात झिजलेला भाग दाराच्या मध्यावर नव्हता, तो कडीच्या बाजूला होता, कारण दार पूर्ण न उघडता सगळे तिकडूनच आत शिरतात. आणि त्या भागावर तिरप्या उजेडात बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. दगड निवडताना या ओरखड्यांचा मला फार उपयोग झाला.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक पट्टी ठरवली. १ म्हणजे शंखजिरं, १० म्हणजे हिरा. संगमरवर आणि चुनखडीचा दगड त्या पट्टीवर ३ च्या आसपास येतात, ग्रॅनाइट ६ ते ७ च्या दरम्यान. आणि बुटांच्या तळव्याला चिकटून येणारी वाळू बहुतांशी क्वार्ट्झची, म्हणजे ७. दाराशी पडणारी बहुतेक वाळू संगमरवराहून दुपटीने वरच्या आकड्याची आहे, हे एकदा समजलं की आरशासारखं पॉलिश केलेला संगमरवर त्या जागेतून आपोआप बाद होतो. पॉलिश जितकं चकचकीत, तितका ओरखडा उठून दिसतो.

दगडाच्या वखारीत गेल्यावर मी पॉलिश केलेल्या लाद्यांच्या रांगा ओलांडून थेट तुकड्यांच्या ढिगाकडे जात असे. मालकांना विचारून तुकडे घरी आणले. ट्रॅव्हर्टाइन हा चुनखडीच्या जातीचा दगड फार देखणा, पण त्याला मुळातच छिद्रं असतात. ती भरून घेतली तरी वावर असलेल्या जागी भरण निघत जातं आणि त्या जागी माती बसते. स्लेटचा पोत मला आवडला. तो पापुद्र्यांनी बनलेला असल्यामुळे काही तुकड्यांच्या कडा नखाने सुटत होत्या. वालुकाश्म पाणी पटकन पीत होता. व्यवहार बघितला तर ग्रॅनाइट सगळ्यांत शहाणी निवड आहे आणि ज्यांना देखभालीत वेळ घालवायचा नाही त्यांनी बिनदिक्कत तोच घ्यावा. पण मला हवा होता एकसंध, शांत दिसणारा दगड. ग्रॅनाइटचे ठिपके अरुंद जागेत साध्या भिंतींच्या शेजारी सतत नजर ओढून घेत होते.

राहिला चुनखडीचा दगड. कोटा आणि शहाबादी हेही चुनखडीचेच, पण मला आवडला तो त्यांच्याहून फिका होता: राखाडीवर झुकलेला बदामी, मध्येच शिंपल्यांच्या तुकड्यांसारख्या पुसट खुणा. त्याच्या तुकड्यावर मी लिंबाच्या रसाचा थेंब टाकला. थेंबाच्या कडेला बारीक बुडबुडे उठले, जरा वेळाने पुसलं तर रुपयाएवढा फिकट गोल राहिला. समोरून बघितलं तर काहीच नाही, तुकडा खिडकीकडे तिरपा धरला की तो गोल लगेच दिसायचा. तो डाग नसतो. आम्लाने दगडातला कॅल्शियम कार्बोनेट खाल्लेला असतो, म्हणून पुसून किंवा धुऊन तो जात नाही. हाच प्रयोग पॉलिश केलेल्या तुकड्यावर केला तेव्हा गोल समोरूनही ठळक दिसला. घोटीव पण चमक न आणलेल्या, ज्याला कारागीर होन फिनिश म्हणतात, त्या पृष्ठभागावर ओरखडा आणि आम्लाची खूण दोन्ही मिसळून जातात.

मग मी दगड घेताना त्याच्यावर काय सांडणार याचा विचार केला. स्वयंपाकघरात दगडाचा वैरी आम्ल असतं, दाराशी त्याचे वैरी वाळू आणि पाणी. वाळूला मोठ्या पायपुसण्याने बऱ्यापैकी अडवता येतं. पाण्यासाठी तुकड्यावर साध्या पाण्याचे थेंब टाकून बघितले. ज्या तुकड्यावर थेंब मिनिटाभरात मुरून काळपट डाग पडला तो बाजूला केला, ज्यावर बराच वेळ मणी बनून बसला तो ठेवला. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दगडांत यात इतका फरक असतो की नावावर विसंबून ऑर्डर देऊच नये.

घसरण्याचा मुद्दा मात्र मी कुठल्याही रंगरूपाच्या वर ठेवला होता. आई काठी घेऊन चालते आणि पावसाळ्यात तिचं पहिलं पाऊल ओल्या फरशीवर पडणार. पकड मोजायच्या रीतसर चाचण्या आहेत. एकीत रबराचा तळ लावलेला लंबक फरशीवरून झुलवतात. ओल्या फरशीवर ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी समजतात. दुसरीत तेल टाकलेल्या उतारावर माणूस चालवतात आणि आर ९ ते आर १३ अशी प्रतवारी देतात, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: ओल्या फरशीचा आकडा किती? कोरड्या फरशीवर जवळपास सगळेच दगड उत्तीर्ण होतात. घोटीव चुनखडीचा आकडा समाधानकारक निघाला. दाराबाहेरच्या पायरीला आम्ही त्याच जातीचा, पण टाचे मारून खरबरीत केलेला दगड घेतला. आत तसला पृष्ठभाग नको, कारण त्यात पोछा अडकतो आणि माती निघत नाही.

लाद्या घेताना सगळ्या एकाच लॉटमधल्या घेतल्या आणि मोजमापापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त घेतल्या. पुढची पायरी बहुतेक लोक गाळतात, पण माझ्या मते सगळ्या कामाचं रूप तिथेच ठरतं: लाद्या सिमेंट न लावता कोरड्या मांडून बघणं. आम्ही त्या ओळीने पसरल्या आणि दारातून, आतल्या खोलीतून, जिन्यावरून बघितल्या. दोन लाद्या इतरांपेक्षा पिवळट होत्या. त्या शेजारी आल्या की डोळ्यात खुपत, दूर ठेवल्या की फरक निसर्गाचा वाटे. एकीत काळसर शीर होती, ती पुढे बाक येणार होता त्याखाली गेली. मनाजोगती मांडणी झाल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलने आकडे टाकले आणि फोटो काढला. दाराशी अख्खी लादी ठेवली, कापलेल्या पट्ट्या पलीकडच्या टोकाला बाकाखाली नेल्या. मध्यरेषा दाराच्या चौकटीवरून धरली, भिंतीवरून धरली नाही, कारण माणूस आत येताना चौकटीतून बघतो आणि आमची एक भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती.

जुनी फरशी उखडायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, “ताई, वरूनच चिकटवू या, तोडफोड वाचेल.” तोडफोड वाचली असती, पण २० मिलिमीटरचा दगड आणि खालचा थर मिळून दाराचा खालचा भाग कापावा लागला असता आणि आतल्या खोलीशी पायरी तयार झाली असती. काठी घेऊन चालणाऱ्याला ठळक पायरी दिसते तरी, अर्ध्या बोटाची उंची दिसत नाही. म्हणून उखडलीच. त्या निमित्ताने पायपुसण्यासाठी फरशीत खोलगट चौकट करून घेतली, पुसण्याच्या जाडीइतकीच खोल, कडेला धातूची पट्टी. ती दाराच्या पूर्ण रुंदीची आणि इतकी लांब आहे की आत येणाऱ्याचे दोन्ही पाय तिच्यावर पडतातच. या जागेत मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर या चौकटीचं. पुसणं सरकत नाही, दाराला अडत नाही, कड दुमडून कोणी अडखळत नाही, आणि दगडावर जाणारी वाळू निम्म्याहून कमी झाली असं झाडताना रोज जाणवतं.

लाद्या बसवताना मी तिथून हलले नाही. फिकट दगडाखाली लाद्या चिकटवायचं पांढरंच अॅडहेसिव्ह हवं, करडं वापरलं तर त्याचा रंग वर झिरपून दगड कायमचा मळकट दिसू शकतो. हे आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरा आग्रह होता पूर्ण थराचा. लादीच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये मसाल्याचे गोळे ठेवून वरून दाबायची पद्धत भराभर होते, पण मधली जागा पोकळ राहते. तिथे जड वस्तू पडली की लादी तडकते, आणि फिकट दगडावर गोळ्यांच्या जागा ओलीने गडद उमटतात. नैसर्गिक दगडाचा किमान ९५ टक्के तळ चिकटलेला असावा असं मानक आहे. मिस्त्रींनी दातेरी थापीने जमिनीवर सरळ रेघा ओढल्या, लादीच्या पाठीलाही पातळ हात दिला, बसवून रबरी हातोडीने ठोकली आणि मग माझ्यासाठी ती परत उचलून दाखवली. पाठीवर रेघा चेपून सलग लेप झाला होता, फक्त एका कोपऱ्यात दोन रेघा तशाच उभ्या होत्या. “इथे कमी पडलं बघा,” म्हणत त्यांनीच तिथे आणखी भरलं. दुसऱ्या दिवशी हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक लादी वाजवत गेले. सगळीकडे भरीव आवाज, एका लादीच्या कडेला बद्द. ती काढून पुन्हा बसवली. मसाला पुरता कडक होत नाही तोवर हे अर्ध्या तासाचं काम असतं.

ज्यांच्याकडे दार थेट बाहेर उघडतं त्यांनी उंबऱ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्यायलाच सांगावं. आणि भिंतीच्या कडेने दगड भिंतीला भिडवू नये, बारीक फट सोडावी. ती पुढे दगडाच्याच पट्टीखाली झाकली जाते.

सांधे तीन मिलिमीटरचे ठेवले. ते भरायच्या आधी दगड पूर्ण वाळू दिला आणि सीलरचा, म्हणजे दगडात पाणी मुरणं लांबवणाऱ्या द्रवाचा, पहिला हात दिला, कारण सांध्यांच्या भरणातला रंग उघड्या दगडात शिरला तर कडा काळ्या होतात. सीलर दोन तऱ्हेचा असतो, वर थर धरणारा आणि आत मुरणारा. वावराच्या जागी थर झिजतो आणि पट्टे दिसतात, म्हणून मुरणारा घेतला. त्याने पाणी आणि तेल आत जायला वेळ लागतो इतकंच, आम्लापासून तो वाचवत नाही. सीलर आणि सांध्यांचा रंग दोन्ही आधी उरलेल्या तुकड्यांवर लावून बघितले. दगडाहून अर्धी छटा गडद असा रंग निवडला. तोच मळखाऊ ठरतो.

आता भिंती. पण त्याआधी दिवे लावून घेतले. त्या जागेत दिवसाचा उजेड फक्त दारावरच्या झरोक्यातून येतो, म्हणजे दिवसातला बराच वेळ भिंतीचा रंग दिवाच ठरवणार. ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार उजेडाचे, रंगदर्शकतेचा निर्देशांक ९० च्या वर असलेले दिवे घेतले. हा निर्देशांक कमी असला की सगळ्या फिक्या छटा एकसारख्या निस्तेज दिसतात आणि मग नमुन्यांत निवड करणंच निरर्थक होतं. एक दिवा भिंतीलगत खाली तोंड करून लावला, त्याचा तिरपा उजेड दगडाचा पोत उठवतो. तोच तिरपा उजेड भिंतीवरची प्रत्येक उंचसखल जागाही दाखवतो, म्हणून पुट्टी घासताना रंगाऱ्याला त्याच दिव्याखाली काम करायला लावलं.

ज्यांना आपण निर्विकार म्हणतो त्या रंगांतही झाक असते: ऑफ-व्हाइटमध्ये गुलाबी, पिवळी, हिरवी, करड्यात निळी किंवा जांभळी. एकट्या कार्डावर ती दिसत नाही. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवला की लगेच दिसते. मी दगडाच्याही शेजारी कागद ठेवला, आणि ज्याला मी इतके दिवस राखाडी-बदामी म्हणत होते त्यात स्पष्ट हिरवट झाक निघाली. मोठ्या पुठ्ठ्यांवर नमुन्यांचे दोन-दोन हात देऊन ते उभे, खालची कड दगडाला टेकवून ठेवले, आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर बघत राहिले. गुलाबी झाकेचा ऑफ-व्हाइट दगडाशेजारी आला की दगड शेवाळल्यासारखा हिरवा दिसे. थंड निळसर करडा ठेवला की तोच दगड पिवळा आणि जुनाट वाटे. दगड तोच, उजेड तोच, नुसता शेजार बदललेला.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्ह्रल यांनी हे १८३९ मध्येच नियम म्हणून मांडलं होतं. विणीव चित्रांचे भिंतपडदे बनवणाऱ्या पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात ते रंगाई विभाग सांभाळत. त्या पडद्यांतला काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा त्यांना रंगात खोट सापडली नाही. शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक समोरच्यावर टाकतो. गुलाबी भिंतीने माझा दगड हिरवा केला तो याच नियमाने.

म्हणून भिंतीची झाक दगडाच्याच कुटुंबातली घेतली: किंचित हिरवटपणाकडे झुकलेला, उबदार ऑफ-व्हाइट. किती उजळ हवा ते परावर्तनाच्या आकड्यावरून ठरवलं. रंगाच्या डब्यावर किंवा कार्डामागे तो असतो, ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. कमी उजेडाच्या जागी शुभ्र पांढरा रंग सावलीत करडा आणि उदास दिसतो. म्हणून सत्तरीच्या आसपासचा घेतला. फरशी आणि भिंत यांच्या आकड्यांत ३० चा फरक असला तर नजर अधू असलेल्यांना जमीन कुठे संपते ते कळतं. आमचा दगड फिकट असला तरी भिंतीहून बराच गडद असल्याने तो फरक मिळाला. आई आता त्या कडेने हात न टेकता चालते.

रंग वर मॅट, पण धुता येणारा घेतला. कमरेच्या खाली तीच छटा सॅटिनमध्ये, म्हणजे मंद चमकेच्या रंगात, घेतली, कारण हाताचे आणि पिशव्यांचे डाग तिथेच होते. दोन्हींची सीमा बाकाच्या आणि खुंट्यांच्या फळीमागे लपली. फरशीच्याच दगडाची दहा सेंटिमीटरची पट्टी भिंतीच्या पायाशी लावली, त्यामुळे पोछ्याचं पाणी रंगाला लागत नाही. बाक आणि खुंट्या साध्या लाकडाच्या. दुसरा कुठलाही रंग मी तिथे आणला नाही आणि कुणी सुचवला तरी आणणार नाही. दगडाच्या खुणा बघायला मिळाव्यात म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

देखभाल सोपी आहे, फक्त क्रम पाळायचा. आधी कोरडं झाडून वाळू काढायची, मगच ओला पोछा. वाळूसकट पोछा फिरवला तर आपणच दगड घासत असतो. पाण्यात आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा साधा क्लीनर, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल कधीही नाही. मध्यंतरी बिजागरीला घातलेलं तेल दगडावर ठिबकलं आणि गडद डाग पडला. खाण्याच्या सोड्यात पाणी घालून घट्ट लेप केला, डागावर जाड थापला, वरून प्लॅस्टिक चिकटवून रात्रभर ठेवला, मग प्लॅस्टिक काढून सुकू दिला. लेप सुकताना तेल ओढून घेतो. डाग एकदम गेला नाही, पण दर लेपाला फिका होत गेला आणि आता शोधावा लागतो.

सीलर कधी पुन्हा द्यायचा हे तारखेवर सोडलेलं नाही. पहिलं पाऊल पडतं त्या कडीच्या बाजूच्या लादीवर अधूनमधून पाण्याचा थेंब टाकते. सध्या तो मणी बनून बसतो. मुरायला लागला की पहिल्यांदा तिथेच मुरेल, मग पूर्ण जागेला हात द्यायचा. उरलेल्या लाद्या बाकाच्या पेटीत उभ्या ठेवल्या आहेत, मागे त्यांचे आकडे, सोबत सांध्यांच्या रंगाचं नाव, रंगाचा क्रमांक आणि मांडणीचा तो फोटो.